आधी फळीचा पीळ पाहा: गावातल्या घरात मॉडेल विमानासाठी बांधणीचं टेबल

माझ्या पहिल्या बाल्साच्या, म्हणजे अगदी हलक्या लाकडाच्या, मॉडेल विमानाचा डावा पंख मी घरच्या जेवणाच्या टेबलावर जोडला होता. टेबलाच्या पायांखाली पुठ्ठ्याच्या घड्या सारल्या, पाणसळ ठेवली, बुडबुडा बरोबर दोन रेघांच्या मधे आणला आणि मगच टाचण्या मारल्या. मार्चमध्ये हरभरा निघालेल्या वावरात विमान उडवलं. हातातून सुटलं की डावीकडे कलायचं. ट्रिम, म्हणजे कल मारायची बारीक दुरुस्ती, देऊन देऊन कसंबसं सरळ केलं. पण उतरताना वेग कमी झाला तसा एक पंख दुसऱ्याच्या आधी गळाला आणि विमान भिंगरीसारखं फिरून धुऱ्यावरच्या बोरीत शिरलं.

उरलेला पंख घेऊन मी गावातल्या सुतारकाकांकडे गेलो. त्यांनी हातातला डवरा खाली ठेवला, पंख हातभर लांब धरला आणि एक डोळा मिटून म्हणाले, “टोकापाशी मांगची कड वर हाय.” मोजली तर सहा मिलिमीटर वर होती. मग ते घरी टेबल पाहायला आले. येताना बगलेत दोन सरळ कांब्या. एक कांब टेबलाच्या या टोकाला आडवी ठेवली, दुसरी त्या टोकाला, आणि मला खाली वाकवलं. “एक डोया मीट. आता पाह्य, दोन्ही कांब्या एका रेषेत हायेत काय?” नव्हत्या. पलीकडच्या कांबीचं डावं टोक सरळसरळ वर दिसत होतं. “पाणसळ उतार सांगते बापा,” ते म्हणाले, “पीय नाई सांगत.”

या लेखात पुढे जे काही आहे ते या एका वाक्याभोवती आहे. लेव्हल असणं वेगळं आणि सपाट असणं वेगळं. तिरप्या पण सपाट फळीवर बांधलेला पंख सरळच येतो, कारण बाल्साला उतार कळत नाही. लेव्हल पण पिळलेल्या फळीवर बांधलेला पंख मात्र तो पीळ जन्मभर घेऊन फिरतो. म्हणून कामाचा क्रम असा ठेवायचा: आधी मोजायची साधनं, मग फळी, मग तिचे आधार, आणि लेव्हल सगळ्यात शेवटी. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. मीही केलं होतं.

किती सपाट म्हणजे पुरे

पंखाची रुंदी २०० मिलिमीटर धरा. त्याच्या टोकाला मागची कड ३.५ मिलिमीटर वर किंवा खाली गेली की एक अंशाचा पीळ झाला. माझा सहा मिलिमीटरचा पीळ म्हणजे पावणेदोन अंश. दोन पंखांत अर्ध्या अंशाचा फरकही उडवताना हाताला जाणवतो. त्यामुळे मीटर-दीड मीटर पंखविस्ताराच्या विमानासाठी फळी मीटरभर लांबीत अर्ध्या मिलिमीटरच्या आत सपाट असली की भागतं. यंत्रशाळेतल्या मापाच्या मागे लागू नका, बाल्सा तेवढं अचूक कापलंच जात नाही. पण ‘डोळ्याला तर सरळ दिसते’ हेही माप नव्हे. आमच्या टेबलाचा पीळ घरातल्या कोणाच्याच डोळ्याला कधी दिसला नव्हता, वर्षानुवर्षं त्यावर जेवलो तरी.

आधी सरळ पट्टी

फळी तपासायला सरळ पट्टी लागते आणि ती पट्टी सरळ आहे हे आधी तपासावं लागतं. तालुक्याला काच आणि ॲल्युमिनियमच्या खिडक्या बनवणारं दुकान असतं. तिथे खिडकीच्या चौकटीचा चौकोनी पोकळ सेक्शन मिळतो. दोन बाय एक इंचाचा, चार फुटी तुकडा मागा. कापलेले तुकडे कोपऱ्यात पडलेलेच असतात, वजनावर देतात.

दुकानातच त्याची परीक्षा घ्या. एखाद्या प्लायवर किंवा मोठ्या पुठ्ठ्यावर सेक्शन ठेवून टोकदार पेन्सिलीने कडेला लागून लांब रेघ ओढा. मग सेक्शन रेघेच्या दुसऱ्या बाजूला असा पलटा की तीच कड त्याच रेघेला लागेल, आणि दुसरी रेघ ओढा. दोन्ही रेघा एकावर एक बसल्या तर कड सरळ. मधे फट दिसली तर त्या फटीच्या निम्मी चूक कडेत आहे, कारण पलटल्यावर चूक दुप्पट होऊन दिसते. पुठ्ठा वाकडा असला तरी या परीक्षेला फरक पडत नाही, हीच तिची गंमत. मी चार तुकडे नाकारले आणि पाचवा घेतला. दुकानदाराने विचारलं, विमान बनवता की भांडण काढता? सरळ निघालेल्या कडेला मार्करने खूण करा आणि पुढे नेहमी तीच कड वापरा.

बाकी सामान घरचंच. फटी मोजायला झेरॉक्सचा साधा कागद घ्या. एक कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो, म्हणजे पाच कागदांची घडी अर्ध्या मिलिमीटरची. पट्टीखाली पाच पदर सरकले तर फट अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून जास्त. सोबत कांब्यांसाठी त्याच सेक्शनचे दीड-दीड फुटाचे दोन तुकडे, शिवणाचा पक्का दोरा, आणि तंतोतंत सारख्या जाडीचे चार ठोकळे. ठोकळे एकाच पट्टीतून कापा, म्हणजे जाडी आपोआप सारखी येते.

फळी कशाची

माझं मत आधीच सांगतो. खेड्यातल्या घरासाठी फ्लश डोअर, म्हणजे सपाट दाराची फळी, सगळ्यात बरी. जुन्या सागवानी दिंडीदरवाजाबद्दल बोलत नाही. तो कितीही मजबूत असो, चौकटी-दिल्ह्यांचा असतो, सपाट नव्हे. फ्लश डोअर म्हणजे आत लाकडी पट्ट्या भरलेला आणि दोन्ही बाजूंनी व्हिनियर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, दाबून चिकटवलेला. कारखान्यात गरम दाबाखाली बनतो, दोन्ही बाजू सारख्या असतात, म्हणून तो सहसा तोल सांभाळून असतो. भारतीय मानक पाहायचं तर दारावर आयएस २२०२ हा आकडा शोधा. ३० ते ३५ मिलिमीटर जाडीचं घ्या. चार फूट बाय दीड फूट एवढा तुकडा मीटर-दीड मीटरच्या विमानाला भरपूर झाला, कारण पंख निम्मा-निम्माच बांधतो आपण.

दुकानात दारं भिंतीला टेकवून ठेवलेली असतात. त्यातलं घेऊ नका. महिनोन्महिने तिरपं टेकलेलं दार हळूहळू वाकतं आणि ते वाकणं मग तसंच राहतं. आडव्या थप्पीतलं मागा, तेही मधलं. घरात कुणी बांधकाम काढलं असेल तर निघालेलं जुनं दार आणखी चांगलं, त्याचं जे व्हायचं ते वाकणं होऊन गेलेलं असतं. फक्त न्हाणीघराचं असेल तर खालचा फूटभर भाग पाण्याने फुगलेला असतो, तेवढा कापून टाका. आणि उधई आहे का ते कडेला पेचकस टोचून पाहा.

दार कापल्यावर कापलेल्या कडा उघड्या पडतात. तिथून ओल शिरते. दोन्ही पृष्ठांना आणि चारही कडांना सारखेच दोन-दोन हात वार्निश द्या. ‘सारखेच’ हा शब्द इथे महत्त्वाचा. वरच्या बाजूला देखणं दिसावं म्हणून सनमायका लावायचा आणि खालची बाजू कोरी सोडायची, हे आपल्याकडचं नेहमीचं. पण एक बाजू बंद आणि एक उघडी राहिली की उघडी बाजू पावसाळ्यात फुगते, बंद बाजू तशीच राहते आणि फळी वाटीसारखी वाकते. मायका लावायचा तर दोन्हीकडे, नाहीतर कुठेच नाही.

आता काच. १९५९ मध्ये इंग्लंडच्या पिल्किंग्टन कंपनीने फ्लोट काच जाहीर केली. वितळलेली काच वितळलेल्या कथिलावर तरंगत पसरते, म्हणून ती आपोआप सपाट होते. आज खिडकीत बसते ती बहुतेक हीच. १२ मिलिमीटर जाडीची काच हे घरात येऊ शकेल असं सगळ्यात सपाट पृष्ठ आहे, पण तिच्या तीन अटी आहेत. पहिली, साधी काच मागा, ‘टफन’ नको. टफन काच भट्टीत रुळांवर तापवून झटकन थंड केलेली असते आणि त्यात तिला बारीक लाटा आणि किंचित बाक येतो. दुकानदार टफनचाच आग्रह धरेल, कारण फुटली तर तिचे बोथट दाणे होतात. त्याचं म्हणणं खोटं नाही. साध्या काचेची पाती होतात, म्हणून कडा घासून पॉलिश करून घ्या आणि वर जाड टेप लावा. दुसरी अट वजनाची. १२ मिलिमीटर काच चौरस मीटरला ३० किलो भरते, म्हणजे चार फूट बाय दीड फूट तुकडा १७ किलोच्या आसपास. एसटीने आणायची कल्पना सोडा. तिसरी अट, काचेत टाचणी शिरत नाही. तिच्यावर वर मऊ बोर्ड घालावा लागतो, किंवा सगळं काम वजनं ठेवून आणि चिकटपट्टीने करावं लागतं.

कडप्पा आणि ग्रॅनाइटचे तुकडे तालुक्याच्या फरशीवाल्याकडे पडलेले असतात आणि जवळपास फुकट मिळतात. चकाकी म्हणजे सपाटी नव्हे. पॉलिशचं यंत्र दगडाच्या उंचसखलपणावरूनच फिरून जातं. पट्टी ठेवून पाहा, उतरला तर घ्या. माझ्या नशिबी आलेले तिन्ही तुकडे मधे फुगलेले निघाले. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी, कोरड्या जागी छान, पण विदर्भातला एक पावसाळा तिला पुरतो. साधा १९ मिलिमीटर प्लाय चालतो, मात्र दुकानातून सपाट आलेला प्लाय महिन्याभरात मन बदलतो. म्हणून तो घेतलाच तर पंख बांधण्याआधी त्याच खोलीत महिनाभर आडवा ठेवा.

फळी कुठलीही घ्या, पैसे देण्याआधी दोन तपासण्या करा. पट्टी लांबीत तीन ठिकाणी, रुंदीत पाच ठिकाणी आणि दोन्ही कर्णांवर ठेवा. पलीकडून मोबाइलचा दिवा मारा, उजेड जिथून झिरपेल तिथे कागद सारून फट मोजा. मग पिळाची तपासणी. चार कोपऱ्यांवर चार ठोकळे ठेवा आणि दोन दोरे कर्णांवरून ताणून धरा, एक खालून आणि एक वरून. मधे जिथे ते एकमेकांना ओलांडतात तिथे एकाने दुसऱ्याला नुसतं शिवावं. फट राहिली तर पीळ आहे. वरचा दोरा खालच्यावर टेकून किंचित मोडला, तरीही पीळ आहे, फक्त उलट्या बाजूचा, म्हणून दोऱ्यांची अदलाबदल करून पुन्हा पाहा. फटीचा हिशोब असा: मधे एक मिलिमीटर फट म्हणजे एक कोपरा दोन मिलिमीटर चुकलेला. ही परीक्षा करायला दोघं लागतात. दोरा ढिला धरला तर खोटं सांगतो, त्यामुळे धरणारा माणूस गप्पिष्ट नसावा.

पिळलेली फळी पसंत पडली म्हणून ‘स्क्रूने आवळून सरळ करू’ या फंदात पडू नका. पावसाळा आला की ती आपलं म्हणणं पुढे रेटते.

आधार तीन, चार नाही

इथेच सगळ्यात जास्त लोक चुकतात, म्हणून इथे जरा थांबतो.

आपल्या भागातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. वावरात भेगेत हात जातो हे आपण पाहतोच, तीच माती घराखालीही आहे. खोल पाया नसलेल्या जुन्या घरातली शहाबादी फरशी वर्षभर हलत असते. आषाढात न हलणारं टेबल वैशाखात डुगडुगतं, ते याच कारणाने. म्हणजे चार पायांच्या टेबलाला फळी पक्की ठोकलीत, तर जमीन जेव्हा जेव्हा हलेल तेव्हा तेव्हा पाय फळीला पिळणार.

यावर उपाय सुताराकडे नाही, चुलीकडे आहे. तीन दगडांची चूल कितीही खडबडीत जमिनीवर डुगडुगत नाही, कारण तीन बिंदूंमधून नेहमी एकच पातळी जाते. फळीलाही तीनच ठिकाणी आधार द्या. खाली स्टँड चार पायांचं असो की जुन्या शिवणयंत्राच्या लोखंडी पायांचं, फळी त्यावर तीनच बिंदूंवर टेकली पाहिजे. मग स्टँड कितीही पिळू दे, फळी फक्त कलेल, पिळणार नाही.

आधार कुठे द्यायचे हेही ठरलेलं आहे. अगदी टोकांवर आधार दिला तर फळी स्वतःच्या वजनाने मधे झोळ घेते. चार फुटी, १२ मिलिमीटर काच दोन टोकांवर टेकवली तर मधे जवळपास पाऊण मिलिमीटर खाली जाते. काच वाकत नाही असं वाटणाऱ्याने एकदा पट्टी ठेवून बघावं. आधार टोकांपासून लांबीच्या साधारण २२ टक्के आत घेतले की झोळ जवळजवळ नाहीसा होतो. १,२२० मिलिमीटरच्या फळीला म्हणजे प्रत्येक टोकापासून २७० मिलिमीटर आत. एका बाजूला त्या रेषेवर दोन आधार, दोन्ही लांब कडांजवळ. दुसऱ्या बाजूला त्या रेषेच्या मध्यावर एकच.

स्टँड मी गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून ३५ मिलिमीटरच्या अँगलचं करून घेतलं. वेल्डिंगच्या उष्णतेने वरची चौकट मरोडली होती, पण तीन आधारांमुळे त्याचं काही वाटलं नाही. चौकटीला त्या तीन जागी १२ मिलिमीटरचे नट वेल्ड करायला सांगा आणि खालून बोल्ट घाला. बोल्टच्या टोकावर फळी टेकते, पान्याने फिरवलं की वर-खाली होते. १२ मिलिमीटरच्या नेहमीच्या बोल्टला एक पूर्ण फेरा दिला की फळी १.७५ मिलिमीटर उचलते, म्हणजे चौथाई फेऱ्याला अर्ध्याहून जरा कमी. बोल्टच्या टोकावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा ठेवा, म्हणजे फळी सरकत नाही.

एक अडचण येते. तीन आधारांवरच्या फळीच्या मोकळ्या कोपऱ्यावर कोपर टेकवून भार दिला तर ती उलटू शकते. त्या दोन कोपऱ्यांखाली स्पंजचे जाड तुकडे ठेवा. इतके मऊ की फळीला उचलणार नाहीत, पण झटका झेलतील.

उंची तुमच्या सवयीने ठरवा. उभं राहून काम करायचं तर कोपराच्या जरा खाली, बहुतेकांना ३६ इंचांच्या आसपास जमतं. मांडी घालून बसायची सवय असेल तर १४ इंचांचं बुटकं स्टँड करा. आमच्याकडे सुतार, सोनार, शिंपी सगळे बसूनच काम करत आले, त्यात कमी काही नाही. फक्त बुटक्या टेबलावर शेळी चढते. हा विनोद नाही.

आता लेव्हल

फळी सपाट निघाली, तीन आधारांवर बसली, मग लेव्हल. ती लागते कारण पुढे पंखाचा व्ही-कोन (दोन्ही पंख टोकाकडे जितके वर उचललेले तो कोन), शेपटीचा कोन हे सगळं मोबाइलच्या कोनमापकाने किंवा ओळंब्याने मोजणं सोपं जातं. गवंड्याचा लेव्हल पाईप, म्हणजे पाणी भरलेली पारदर्शक नळी, पाणसळीपेक्षा लांब फळीवर जास्त खरं सांगतो. नळीत बुडबुडे राहू देऊ नका. आधी दोन बोल्ट असलेल्या बाजूने रुंदी लेव्हल करा, मग एकट्या बोल्टने लांबी. दोन मिनिटांचं काम. चार पायांच्या टेबलाशी पाचरी ठोकत मी पूर्वी एक अख्खी संध्याकाळ घालवली होती.

टाचणीसाठी मऊ थर

दाराच्या फळीत टाचणी शिरते पण काढताना वाकते. वर मऊ थर लागतो. शाळा-कार्यालयांत सूचना लावायचा सॉफ्ट बोर्ड १२ मिलिमीटरचा असतो, तो उत्तम. ते नाही मिळालं तर फॉल्स सीलिंगवाल्याकडून जिप्सम बोर्डाचा तुकडा. जिप्सममध्ये टाचणी घट्ट बसते, स्वस्त पडतं, पण पांढरी भुकटी सगळीकडे होते आणि दोन-तीन विमानांनंतर भोकं मोठी होतात. थर्माकोल नको, टाचणी त्यात डोलते.

हा थर फळीला पांढऱ्या फेविकॉलसारख्या पाण्याच्या डिंकाने चिकटवू नका. पाणी शोषून बोर्ड जागोजाग फुगतो. कडेला दुहेरी चिकटपट्टी पुरे, खराब झाला की काढून नवा घालता येतो. घातल्यावर पट्टी ठेवून पुन्हा तपासा. मऊ बोर्डाची जाडी सगळीकडे सारखी नसते, आणि खालची फळी कितीही खरी असली तरी पंख या वरच्या थरावर बसतो. उंचवटे ठोकळ्याला गुंडाळलेल्या खरकागदाने हलक्या हाताने उतरवा.

मग एका लांब कडेजवळ मुख्य रेघ ओढा, सरळ पट्टीने, बारीक बॉलपेनने. तिला काटकोन गवंड्यासारखा काढा: रेघेवर ४०० मिलिमीटर, उभ्या दिशेने ३००, आणि दोन्ही खुणांमधलं अंतर बरोबर ५०० आलं तर काटकोन खरा. गुण्या विकत घेतलेला असला तरी त्याला या मापाने एकदा तपासा. माझा बाजारातला गुण्या दीड मिलिमीटर चुकीचा निघाला.

आराखड्याचा कागद मुख्य रेघेवर बसवा आणि वर पारदर्शक प्लास्टिक ताणा. गादीवर येतं ते चालतं. फेविकॉल त्याला धरत नाही. झटपट डिंक मात्र थोडा धरतो, म्हणून सांध्याखाली आधी मेणबत्ती घासून घ्या. झेरॉक्समधून आलेला आराखडा वापरण्यापूर्वी त्यावर छापलेली मोजपट्टी खऱ्या पट्टीशी लावून पाहा. यंत्र लांबीत एक-दोन टक्के ताणतं, आणि डावा पंख एका प्रतीवर, उजवा दुसऱ्यावर बांधला तर जोडताना कळतं.

दाबायला वजनं लागतात. किराणा दुकानातली जुनी लोखंडी वजनं, अर्धा किलो आणि दोनशे ग्रॅमची, यासाठीच जन्मली आहेत. सगळीकडे डिजिटल काटे आल्यापासून ती अडगळीत पडलीत, मागितली की मिळतात. विटा नकोत, खडबडीत कडा बाल्सात रुततात.

कूलर

हे मला दोन विमानं गमावून कळलं. विदर्भातल्या उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो, बाहेर हवा कोरडी ठणठणीत, आणि घरात डेझर्ट कूलर. कूलर म्हणजे ओल्या वूडवूलमधून आलेली दमट हवा. दुपारी कूलरसमोर बसून पंख जोडला, दुसऱ्या दिवशी वावरात नेला, आणि तासाभरात त्याने पीळ घेतला.

कारण साधं आहे. लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं. हवेतली आर्द्रता ३० टक्के असेल तर लाकडात साधारण ६ टक्के ओल राहते, ८० टक्के असेल तर १६ टक्के. ओल वाढली की लाकूड आडव्या रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. बाल्साच्या पातळ फळ्या, वरचं आवरण, डिंक, सगळे वेगवेगळ्या वेगाने सुकतात आणि जो आधी आखडेल तो पंखाला ओढतो.

फळीचंही तसंच. कूलरचा झोत एकाच बाजूने मारत असेल तर ती बाजू फुगते. म्हणून टेबल कूलरच्या रेषेत ठेवू नका, पश्चिमेच्या भिंतीला लावू नका आणि टिनाखाली तर मुळीच नको. टिनाच्या सपरीत दुपारी फळीच्या वरच्या आणि खालच्या बाजूच्या तापमानात एवढा फरक पडतो की चिकटपट्टीसुद्धा सुटते. मधली खोली, जाड मातीची भिंत, कवेलूचं छत, ही जुनी घरं या कामाला सिमेंटच्या घरांपेक्षा सरस आहेत. बांधणीसाठी माझे महिने दिवाळी ते होळी. जून ते सप्टेंबर मी फक्त कापाकापी आणि घासकाम करतो, जोडणी नाही. पावसाळ्यात जोडायचंच असेल तर पंख फळीवरून दोन रात्री तरी काढू नका, डिंक वरून सुकलेला दिसतो आणि आतून ओला असतो.

फळीची दोऱ्यांची तपासणी वर्षातून तीनदा करा: पहिला पाऊस झाल्यावर पंधरा दिवसांनी, दिवाळीच्या आधी, आणि कूलर सुरू केल्यावर. सुताराला काम द्यायचं असेल तर तान्ह्या पोळ्याच्या आधीचे आठ दिवस टाळा. अख्ख्या गावच्या लेकरांचे लाकडी बैल त्याच्या अंगावर असतात आणि तुमच्या विमानाला तिथे कुणी विचारणार नाही.

कापूस आला की

नोव्हेंबरात वेचणी सुरू झाली की आमची पुढची खोली कापसाने भरते. भाव पाहून विकायचा म्हणून तो महिनोन्महिने तिथेच राहतो. तेव्हा टेबल हलवावंच लागतं, ऐन बांधणीच्या दिवसांत. म्हणून स्टँड आणि फळी एकमेकांना कायमचं जोडू नका. फळी नुसती बोल्टांवर टेकलेली असली की उचलून नेता येते.

ठेवताना एक तर पूर्ण आडवी, त्याच २२ टक्क्यांच्या जागी दोन सारख्या पट्ट्यांवर, पलंगाखाली. नाहीतर पूर्ण उभी, लांब कडेवर, भिंतीला खिळ्यांनी अडवलेली. तिरपी टेकवायची नाही, दुकानातल्या दारांचं जे होतं तेच होईल. खाली जमिनीला थेट टेकू देऊ नका, उधईला वाट मिळते. दोन विटा आणि त्यावर प्लास्टिक. वर जड काही ठेवू नका, धान्याचं पोतं तर नाहीच. आमच्याकडे कुणीतरी तुरीचं अर्धं पोतं ठेवलं होतं आणि दोन महिन्यांनी फळीच्या मधोमध कागदाचे आठ पदर सरकत होते. पोतं काढून, फळी पालथी घालून तितकेच दिवस ठेवली तेव्हा त्यातले पाच पदर गेले. उरलेले तीन अजून आहेत, आणि पंख बांधताना मी ती जागा टाळून आराखडा डावीकडे सरकवतो.

बांधणी अर्धवट असताना टेबल हलवायची वेळ आली तर टाचण्या काढू नका. मऊ थरासकट पंख उचलून आडव्या फळीवर सरकवता येतो, दोन माणसं लागतात. आणि मांजराला आधी बाहेर काढा.

पंख पूर्ण झाल्यावर टाचण्या एका टोकाकडून ओळीने काढत जाऊ नका, सुटलेली बाजू लगेच उचलते. एक या टोकाची, एक त्या टोकाची, मग मधली, अशा अदलून-बदलून काढा. पंख उचलला की लगेच उलटा करून पुन्हा त्याच फळीवर ठेवा आणि चार वजनं ठेवून रात्रभर राहू द्या. सकाळी दोन कांब्या, एक मुळाशी, एक टोकाशी. एक डोळा मिटून पाहा.